खिडकी विरुद्ध दार

"बोगद्यातून," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

बाईंनी गुण दिला नाही. खडू हातात धरून त्या पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघत राहिल्या. ती मुलगी उभी राहिली, वेणी पाठीवर टाकली आणि सभेत ठराव मांडावा तशा आवाजात म्हणाली, "दार पक्षाचं उत्तर असं आहे की, डोंगर फोडायचा नसेल तर रस्ता बोगद्यातून काढतात."

"बरोबर. दाराला एक."

फळ्यावर रेघ पडली. दाराकडच्या रांगांनी बाकं बडवली. खिडकीकडच्या पहिल्या बाकावरचे म्हणाले, हा काय प्रश्न झाला, हा तर बालवाडीतल्या पोरालाही आला असता. बाई म्हणाल्या, "मग तुमचा हात वर का नव्हता?" आणि त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

मी परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन प्रयोगशाळेकडे निघालो होतो, तो वऱ्हांड्यातच थांबलो. शुक्रवारचा शेवटचा तास असला की माझे पाय त्या खोलीपाशी आपोआप हळू होतात. या शाळेत मी शास्त्र शिकवतो, पण त्याआधी याच शाळेत, याच खोलीत, मी दार होतो.

भूगोलाच्या बाईंचा सामना आमच्याही वेळी असाच चालायचा. वर्गाच्या मधून जी वाट जाते तिच्या एका बाजूचे ते खिडकी आणि दुसऱ्या बाजूचे ते दार. निवड वगैरे काही नाही. वर्षाच्या सुरुवातीला जिथे बूड टेकलं तो आपला पक्ष, आणि मग जन्मभर तोच. आमच्या वर्गातल्या दोघांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं. ती खिडकी, तो दार. लग्नाला गेलेले आम्ही सगळे कोणी न सांगता त्याच हिशेबानं दोन बाजूंना बसलो, आणि नवऱ्यामुलाचे काका जागा बदला म्हणायला आले तर एकजण हलला नाही.

आठवडाभर जे शिकवलं त्याची उजळणी शुक्रवारी. बाई प्रश्न टाकायच्या, हात वर व्हायचे, त्या नाव घ्यायच्या. बरोबर आलं तर रेघ, चुकलं तर दुसऱ्या पक्षाला संधी. शेजाऱ्याला उत्तर पुरवलं तर एक रेघ पुसायच्या. आणि ते त्यांना कळायचंच. फळ्याकडे तोंड करून नदीचं खोरं काढत असल्या तरी तिसऱ्या बाकावरची कुजबूज त्यांना ऐकू जायची. आम्हाला वाटायचं, बाईंना पाठीलाही कान आहेत. शनिवारी सकाळी शिपाईमामा फळा पुसायचे आणि सामना संपायचा. ते गुण कुठल्या कागदावर गेले नाहीत, कोणाच्या घरी कळले नाहीत. तरी गुरुवारी संध्याकाळी आई मला खेळायला जा म्हणायची आणि मी नकाशा घेऊन बसायचो. माझ्या आईला हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही.

मला मात्र वऱ्हांड्यात उभं राहिल्यावर दुसरंच कोडं पडलं. आमच्या वेळी कॅप्टन उभा राहून उत्तर परत सांगत नसे. आमच्या वेळी कॅप्टनच नव्हता.

दाराची कॅप्टन असलेली ती वेणीवाली मुलगी शाळेत 'वकील' म्हणून ओळखली जाते. तिला काहीही सांगा, ती आधी हरकत घेते. दुसऱ्या दिवशी प्रयोगानंतर ती नळाखाली नळ्या धुवत होती, तेव्हा मी विषय काढला.

"काय गं वकील, कॅप्टननं उत्तर परत सांगायचा नियम कोणी काढला?"

"आम्हीच काढला, सर."

"कशाला?"

"शिस्त राहते."

"तुम्हाला शिस्तीची आवड कधीपासून लागली?"

ती बराच वेळ एकच नळी विसळत राहिली. "सर, सांगते. पण तुम्ही कुठे बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"पावसाळ्यानंतर एकदा काय झालं, मागून चुकीचं उत्तर आलं आणि बाई म्हणाल्या बरोबर. मग खिडकीवाल्यांचं बरोबर आलं तर म्हणाल्या, चूक. आम्ही आधी हसलो. पुढच्या शुक्रवारी परत तसंच झालं. तेव्हा कोणीच हसलं नाही." तिनं नळ बंद केला. "पुढच्या बाकावरून, त्यांच्याकडे तोंड करून बोललं की त्यांना कळतं, सर. ओठांवरून. मग आम्ही दोन्ही पक्षांनी मीटिंग घेतली."

"मीटिंग?"

"सायकलींच्या शेडमध्ये. आणि बाईंना सांगितलं की फार गोंधळ होतो, तर कॅप्टनच बोलेल. बाई म्हणाल्या, चालेल."

"बाईंना माहीत आहे का, की तुम्हाला हे माहीत आहे?"

"ते आम्हाला माहीत नाही."

मी नळ्या स्टँडमध्ये लावल्या. "आणि काय गं, मागून चुकीचं आलं, तर तू सुधारून सांगत नाहीस कधी? एवढी सोय आहे."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी तिला प्रयोगशाळेतला वजनकाटा चोरून न्यायला सांगितलं होतं. "असं कसं, सर? खिडकीवाले ऐकत असतात ना."

मी हसलो, पण ती गेल्यावर स्टँड कपाटात ठेवताना माझ्या लक्षात आलं. ज्या बाईंना कुजबूज ऐकू यायची त्यांना आता ओरडलेलंही ऐकू येत नव्हतं, आणि आता कुजबुजायला मोकळं रान असताना त्या वर्गात कोणी कुजबुजत नव्हतं.

आमचे मुख्याध्यापक त्या वर्षी नवे आले होते. तरुण, हुशार, एका जागी न बसणारे. मुलं त्यांना मोठे सर म्हणत, जरी वयानं ते आमच्यात सगळ्यांत लहान होते. त्यांनी कुठून कुठून देणग्या मिळवून शाळेला टॅबलेट आणले आणि शिक्षकांची सभा बोलावली.

"पडद्यावर प्रश्न, मुलांच्या हातात उत्तर, लगेच निकाल," ते म्हणाले. "मुलांना खेळ वाटतो आणि आपल्याला कोणाला काय येतं ते कळतं. आणि हे आपल्याला नवीन नाही. भूगोलाच्या बाई हेच तर करत आल्यात." ते बाईंकडे बघून मनापासून हसले. मग फळ्याकडे वळले आणि लिहिता लिहिता पुढचं बोलले. "फक्त ते गुण वाया जातात. या सत्रापासून सामन्याचे गुण गुणपत्रिकेत धरायचे. सुरुवात बाईंच्या वर्गापासून."

बाई मान हलवत होत्या. मी त्यांच्या समोरच होतो. मोठे सर फळ्याकडे वळले तेव्हाही त्या तशाच मान हलवत राहिल्या, पण डोळे माझ्याकडे आले होते.

संध्याकाळी आम्ही बस थांब्याकडे बरोबर चाललो. त्या नेहमी मला उजव्या हाताला घेत. इतकी वर्षं मला वाटत होतं की रहदारीच्या बाजूला त्या स्वतः राहतात, मी अजून त्यांचा विद्यार्थी असल्यासारखा. आता कळत होतं, त्यांचा उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता.

"काय रे शास्त्रज्ञ, शेवटी काय म्हणाले ते? फळ्याशी बोलत होते की आपल्याशी?"

मी सांगितलं. त्या थांबल्या.

"गुणपत्रिकेत?"

"हो."

"सामना गुणपत्रिकेत नाही जात. तो सामना आहे." दोन पावलं चालून त्या परत थांबल्या. "आणि एखाद्या वेळी वकील चुकली तर? एखाद्या पोराचा गुण जायचा तिच्यापायी."

आता थांबायची पाळी माझी होती. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"अरे, मी बहिरी झाले, खुळी नाही झाले." त्या थोड्या हसल्या. "गोंधळ होतो म्हणे, कॅप्टनच बोलेल. या पोरांना गोंधळाचं वावडं कधी होतं? त्यांना वाटतं मला कळलं नाही. वाटू दे. त्यांना बरं वाटतं, मलाही बरं वाटतं."

"कानाचं मशीन का नाही घेत?"

"लेकीनं आणून दिलंय. कपाटात आहे. ते घातलं की अख्खा वर्ग एकदम डोक्यात शिरतो. बाक सरकलं तरी धाडकन वाजतं, आणि कोण काय बोललं ते नाही कळत ते नाहीच. घरी ठीक आहे. वर्गात नाही." बस येताना दिसली, तशी त्यांनी पिशवी सावरली. "मोठ्या सरांना कळलं तर ते वाईट बोलणार नाहीत. चांगला मुलगा आहे. ते मला ग्रंथालयात बसवतील, तब्येतीला जपा म्हणतील. नोकरी संपायला माझं एवढं एकच वर्ष राहिलंय रे. ते काय पुस्तकांवरची धूळ झटकण्यात घालवू?"

त्यांच्या तोंडून मी कधी काही मागितलेलं ऐकलं नव्हतं. तेही मागणं नव्हतं, पण मी ते तसंच घेतलं. बसमध्ये मी उभा राहून विचार करत होतो आणि त्यांचा थांबा येण्याआधी मला सुचलं. मी वाकून, त्यांच्यासमोर तोंड आणून म्हणालो, "बाई, त्या टॅबलेटमध्ये ऐकायचं काही नाहीच. प्रश्न पडद्यावर, उत्तर बोटानं. गुण यंत्र देतं. तुमच्या कानाचा संबंधच येत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे बहिऱ्यांसाठीच काढलंय म्हण की."

पुढचा आठवडा आम्ही शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसलो. बाई एका बोटानं प्रश्न टाइप करायच्या. एकेका अक्षराशी भांडायच्या. यंत्र प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं मागायचं, त्यातली तीन चुकीची. त्याचा त्यांना राग. "खोटं कशाला लिहायचं मी? पोरं खोटं आपापलं शोधतात की." पण हळूहळू त्यांना गंमत वाटू लागली. चुकीची उत्तरं त्या अशी शोधून काढायच्या की माझीही दोनदा दांडी गुल झाली, आणि तेव्हा मला त्यांनी पूर्वीच्याच, वर्गातल्या चेहऱ्यानं सांगितलं, "दाराचा अभ्यास कच्चा." त्या आठवड्यात मी फार खूश होतो. आपण बाईंचं वर्ष वाचवलं, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मोठे सर मागे भिंतीशी खुर्ची टाकून बसले. मी पडद्याचं बघायला पुढे. मुलांनी टॅबलेट घेतले, खिडकीला निळा रंग आला, दाराला लाल. पहिला प्रश्न पडला.

आणि वर्ग गप्प झाला. तो गप्पपणा शिक्षेचा नव्हता, मुलं अगदी रंगून गेली होती. कोणी जीभ बाहेर काढून, कोणी बाकावर गुडघा टेकून. बोटं टपटप पडत होती, पडद्यावरचे निळे-लाल पट्टे वरखाली होत होते. फक्त कोणी बोलत नव्हतं. वकील पहिल्या बाकावर बसून मुकाट उत्तरं देत होती. एवढा वेळ ती गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांची नजर बाकाबाकांवरून, चेहऱ्याचेहऱ्यांवरून फिरली आणि मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चालू आहे ना रे?"

"चालू आहे, बाई. छान चाललंय."

त्यांना कळणार कसं? कोणाचेच ओठ हलत नव्हते.

शेवटचा प्रश्न झाला. लाल पट्टा थोडक्यात पुढे राहिला आणि दारवाल्यांनी आरोळी ठोकली तेव्हा जरा जुनं काहीतरी परत आल्यासारखं वाटलं. मग पडद्यावर नावं उतरली. वर वकील असेल नाहीतर खिडकीचा कॅप्टन, ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात, असंच सगळ्यांनी धरलं होतं. ते दोघं दुसरे आणि चौथे होते. पहिलं नाव वाचून आधी कोणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि मग सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

दाराच्या बाजूला, भिंतीला लागून, शेवटच्या बाकावर एक बारीकशी मुलगी बसते. तिला मीही शास्त्र शिकवतो. तिचा आवाज कसा आहे ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला आठवेना. तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

मोठ्या सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघा बाई, हाच याचा फायदा. नाहीतर ही मुलगी आपल्याला कधी दिसली असती?"

ते मागून बोलले, त्यामुळे बाईंना ऐकू गेलं नाही. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मला ते लागलं. मला ते यंत्र बाईंचा कान झाकायला हवं होतं. त्यानं भलतंच उघडं केलं होतं.

बाई पडद्यावरची यादी वाचत होत्या. मग त्यांनी वकीलला हाक मारली. "ही तुमच्या पक्षाची ना?"

"हो, बाई."

"मग सामन्यात हिनं कधीच उत्तर दिलं नाही?"

वकील उभी राहिली आणि तिनं वळून मोठ्या सरांकडे पाहिलं. वर्गातल्या प्रत्येकाला कळत होतं की आता ती जे बोलेल ते मोठ्या सरांसमोर बोलेल.

"सांग."

"द्यायची, बाई. सुरुवातीला हात वर करायची. पण ती फार हळू बोलते. मला पुढे नीट ऐकू यायचं नाही. दोनदा विचारलं तर ती घाबरायची. मग मी दुसऱ्या कोणाचंतरी उत्तर सांगायचे." तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग तिनं हात वर करायचं सोडलं. मला वाटलं, तिला येतच नसेल."

बाईंनी तिच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला असणार. कारण त्या लगेच म्हणाल्या, "तुझी चूक नाही. ऐकायचं काम तुझं नव्हतंच. माझं होतं."

मी मागे पाहिलं. मोठे सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते मला काही विचारू पाहत होते. मी नजर वळवली.

त्यानंतर काय झालं ते आता शाळेत सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी बाईंनी आपण होऊन मोठ्या सरांना सांगितलं आणि सत्र संपताच त्या ग्रंथालयात गेल्या. मोठ्या सरांनी दोनदा राहा म्हटलं, त्या राहिल्या नाहीत. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. शुक्रवारी मी एक आठवडा टॅबलेट काढतो, एक आठवडा नुसता फळा. गुण दोन्हीचे धरत नाही, आणि त्यावरून माझे आणि मोठ्या सरांचे खटके उडतात. माझं कसंबसं चाललंय. पण मला त्या तासाची आठवण येते ती हे सगळं ठरायच्या आधीची, घंटा व्हायला थोडा वेळ असतानाची.

बाई मधल्या वाटेनं मागे निघाल्या. इतकी वर्षं या वाटेनं दोन पक्ष वेगळे केले होते. मुलांनी पाय आत ओढून घेतले. त्या शेवटच्या बाकाशी जाऊन थांबल्या. ती मुलगी उठून उभी राहिली, टॅबलेट छातीशी धरून.

"बस, बस. शेवटचा प्रश्न तुला एकटीला आला," बाई म्हणाल्या. "वाळवंटात दिवसा एवढी आग, मग रात्री एवढी थंडी का? तू बरोबर बोट ठेवलंस. पण बोटानं कारण नाही कळत. मला तुझ्या तोंडून सांग."

मुलीचे ओठ हलले. खाली बघत ती काहीतरी बोलली. मी पुढे होतो, मला एक शब्द आला नाही. पहिल्या बाकावरची वकील सवयीनं अर्धी उठली, वळून मागे वाकली आणि तिलाही काही ऐकू न आल्यानं तशीच अवघडून राहिली. बाईंनी मागे न बघता हातानं खूण केली, बस खाली.

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी शिक्षकांच्या खोलीत, वर्गात, रस्त्यात, कुठेच आजवर केलं नव्हतं. कोणी काही बोललं आणि कळलं नाही, तर त्या हसून मान हलवायच्या, पण हे कधी नाही. त्यांनी भर वर्गात उजव्या कानामागे हात धरला, वाकल्या, आणि कान त्या मुलीच्या तोंडाजवळ नेला.

"परत सांग बाळ," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. मोठे सर उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. मुलीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंच्या कानाकडे, आणि म्हणाली, "वाळू लवकर तापते बाई, आणि लवकरच निवते. आणि वरती ढग नसतात. म्हणून ऊब थांबत नाही."